मैद्याची खळ

"फूल निघालंय. चिकटवून मिळेल का?" असं म्हणत एका बाईने माझ्या टेबलावर जाडजूड चिकटवही ठेवली आणि तिच्यावर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात घातलेलं एक कागदी फूल. अकरा वाजून गेले होते. आमच्या वजनमाप कार्यालयाचं दार नुकतंच लोकांसाठी उघडलं होतं आणि दुकानदार आपापले तराजू तपासून घ्यायला रांगेत उभे होते. मला वाटलं, ही चुकून इकडे आली. हे चिकटवाचिकटवीचं दुकान नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि फुलाकडे नजर गेली. पाच पाकळ्या. फिकट गुलाबी, म्हणजे एके काळी गडद गुलाबी असलेलं मागणीपत्रक, जे आता छापतच नाहीत. मधोमध पंचिंग मशीनमधून पडलेली पिवळी टिकली. प्रत्येक पाकळीचं टोक किंचित डावीकडे गेलेलं, कारण माझ्या कात्रीचा खिळा तेव्हा सैल होता. आपल्या हातचं काम माणूस ओळखतो, त्यात कौतुक नाही. आपला खोकलाही आपण ओळखतोच. पण उघडलेलं तोंड मी मिटलं ते फुलामुळे नाही. फूल इथे आहे, म्हणजे त्याच्याखालची जागा उघडी पडली आहे, या विचाराने मिटलं.

"कुणाचं आहे हे?" मी विचारलं.

"काकांचं. पूर्वी इथेच होते ते, मसुदे लिहायचे. मी त्यांची पुतणी. ते म्हणाले, ज्यांनी केलंय त्यांच्याकडूनच चिकटवून आण, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

मसुदे लिहायचे. एवढं सांगायची गरज नव्हती. शाखेत त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत. साध्या दोन ओळींच्या पत्रात तो सहा स्वल्पविराम घाली, आणि बोलतानाही तेच. वाक्य सुरू करी, मध्ये थांबे, चहाचा घोट घेई, पुन्हा थोडं बोले, आणि पूर्णविरामाची वेळ आली की घड्याळाकडे बघून उठून जाई. मी पुतणीला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. पस्तिशीची असेल. चेहरा गोल, समाधानी. अशा चेहऱ्यांची मला चीड येते. जगाने यांना अजून मापात धरलेलं नसतं.

या कार्यालयात माझी चौतीस वर्षं झाली. महिनाअखेर निवृत्त होते. चौतीस वर्षांत इथून जो कुणी बदलून गेला, निवृत्त झाला, ज्याचं लग्न ठरलं, ज्याला मूल झालं, त्याला शाखेतर्फे एक कार्ड द्यायचं आणि ते मी करायचं, असा इथला न लिहिलेला नियम आहे. पहिल्याच वर्षी एक टायपिस्ट नोकरी सोडून चालली होती, कार्ड आणायचं सगळेच विसरले होते, आणि मी मूर्खासारखी एका जुन्या फायलीचं पुठ्ठ्याचं आवरण दुमडून त्यावर फूल लावून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या दिवसापासून माझं नाव कात्री पडलं. साहित्य म्हणजे कार्यालयाचा कचरा. फायलींची आवरणं, आतून निळ्या जाळीची नक्षी असलेले लिफाफे, बाद झालेली पत्रकं, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं, फायली बांधायच्या फितीचे तुकडे, पंचिंग मशीनच्या पोटातल्या टिकल्या. पांढरा कोरा जाड कागद माझ्या हाताला फार तर तीनदा लागला असेल. रंग म्हणजे शिक्क्याच्या शाईची जांभळी गादी. तेवढ्यावर कोंड्याचा मांडा करायचा, आणि तो केला की हातातला चहा सांभाळत सगळ्यांनी म्हणायचं, "अय्या, किती गोड! हे असं सुचतं कसं तुम्हाला?" सुचत काही नाही. कागद कमी असला की डोकं चालवावंच लागतं. ज्यांच्याकडे भरपूर असतो त्यांना ते चालवावं लागत नाही, एवढाच फरक. हल्लीच्या मुली पिशव्या भरभरून साहित्य आणतात. तयार फुलं, तयार मजकूर, पाठीमागे गोंद लावलेला, सोलायचं आणि डकवायचं. त्यांच्या कार्डांवर इतकं काही चमकत असतं की ज्याला दिलं त्याला आंघोळ करावी लागते. तरीही, गेल्या आठवड्यात शाखाप्रमुख माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या निरोपाचं कार्ड... म्हणजे तुमच्याइतकं छान आम्हाला कुणाला जमणार? तुम्हीच करून टाकता का?" मी हो म्हटलं. खणात वाटीभर ताजी खळ होती ती त्याचसाठी.

आणि आता ती गोष्ट. मी प्रत्येक कार्डावर फूल लावते आणि प्रत्येक फुलाखाली, चिकटवण्याआधी, बारीक पेन्सिलीने त्या माणसाबद्दल मला खरोखर काय वाटतं ते लिहिते. वर 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा', खाली खरं. एका साहेबांच्या फुलाखाली मी लिहिलं होतं, 'रिकामं माप.' एका टायपिस्टच्या, 'ही हसते तेव्हा दुसऱ्याचं काहीतरी मोडलेलं असतं.' ज्याला मुलगा झाला म्हणून शाखा नाचत होती त्याच्या फुलाखाली, 'पोराची कीव येते.' म्हाताऱ्या शिपायाच्या फुलाखाली, 'प्रामाणिक. बाकी काही नाही.' मग वरून खळ लावायची, फूल दाबायचं, त्यावर वजन ठेवायचं; इथे वजनांना तोटा नाही. आणि दुसऱ्या दिवशी ती माणसं डोळे पुसत कार्ड छातीशी धरत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला त्यात फार मोठं सुख होतं, खोटं कशाला बोलू? घरी आईचं ऐकायचं, भावाचं ऐकायचं, इथे साहेबांचं ऐकायचं, आणि शहरभर शंभर-दीडशे कपाटांत माझं खरं मत फुलाखाली शांत पडलेलं आहे, हे आठवत जिना चढायचा. बाजारचा गोंद चार वर्षांत पिवळा पडून सुटतो. माझी मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घातलेली, कसर लागत नाही, बुरशी येत नाही, आपणहून कधी सुटत नाही. फक्त वाफ दिली तर सुटते.

मी पाकिटातून फूल काढलं. पाकळ्यांच्या कडा चुरमडल्या होत्या, वाफेने कागद चुरमडतो तशा.

"आपोआप निघालं?" मी विचारलं.

"काका तर तसंच म्हणाले," पुतणी म्हणाली. "सामान बांधताना निघालं असेल. मी त्यांना माझ्याकडे नेतेय ना कायमचं. पाय मोडल्यापासून एकटं राहणं जमत नाही त्यांना. आता इथूनच थेट निघणार आम्ही. ते खालीच आहेत, गाडीत."

"खाली?"

"लिफ्ट बंद आहे ना तुमची. तीन जिने कसे चढणार? मी म्हटलं, काका, फोन करते, त्या खाली येतील. तर नको म्हणाले. त्यांना कामात त्रास देऊ नकोस म्हणाले."

तर असा हा माणूस. चोवीस वर्षांनी आला आणि तीन मजले खाली काच वर करून बसला. पाय मोडला नसता तरी तिथेच बसला असता. मी खिडकीकडे पाहिलं नाही. चिकटवही उघडली. तिला चिकटवही म्हणायचं ते निव्वळ सौजन्य म्हणून. मांडणी म्हणजे काय याचा या माणसाला गंधही नाही. जणू वही उद्या फायलीला लावायची आहे अशा बेताने प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडलेला. पानांना क्रमांक. बसचं तिकीट डकवलंय आणि खाली सुवाच्य अक्षरात, 'पहा: पान ४.' पान चारवर त्याच तिकिटाचा दुसरा अर्धा भाग. एका पानावर पेन्सिलींचे तुकडे, संपत आलेले, दोऱ्याने शिवून टाकलेले, उंचीप्रमाणे. कुणाचं तरी तुटलेलं बटण. तराजू तपासल्याचं चिकटपत्र. सगळं सरळ रेषेत, एकाखाली एक. कुठे तिरकेपणा नाही, एका वस्तूवर दुसरी चढवलेली नाही, रंगाला रंगाची सोबत नाही. दहा वर्षांचं पोर याहून बरं लावेल. आणि मी हे सगळं इतक्या सावकाश बघत होते, एकेका पानाची निंदा करत होते, याचं कारण मला ठाऊक होतं. माझं कार्ड पान सतरावर होतं. वहीला खूण घातलेली होती, आणि मी तिथे जायचं टाळत होते. सतराच्या पुढची पानंही मी अंगठ्याने सरकवून पाहिली. शंभरेक तरी होती, भरलेली. दुसऱ्या कार्यालयातली पत्रकं, तिथली तिकिटं, तिथली बटणं. म्हणजे गृहस्थ जगला, व्यवस्थित जगला. याचाही मला राग आला.

सहा वर्षं तो माझ्या समोरच्या टेबलावर होता. मी पत्राचा कच्चा मसुदा करायची आणि तो सुधारायचा. माझे ऱ्हस्वाचे दीर्घ, माझी लिंगं, माझी वचनं. 'ती' लिहिलं की समासात लिहायचा, 'कोण ती? एक बाई की अनेक मुलं?' मला त्याचा संताप यायचा आणि मग मी मुद्दाम चुका करू लागले. दुपारी मागच्या जिन्यावर चहा प्यायचो, त्या जिन्याला खिडकी नाही, फक्त बाद तराजूंची पारडी एकात एक घालून ठेवलेली असतात. तिथे एकदा, काय भुलले कोण जाणे, मी त्याला फुलाखालची गोष्ट सांगितली. जगात त्याला एकट्याला. 'रिकामं माप' ऐकून तो इतका हसला की चहा नाकातून आला. मग रुमालाने तोंड पुसत म्हणाला, "माझ्या फुलाखाली, समजा, माझी बदली झाली तर, काय लिहाल?" मी म्हटलं, "ते तुम्ही काय करता त्यावर आहे." तो चहा गार व्हायच्या आत उठून गेला.

त्यानंतर महिनाभराने एका रविवारी तो आमच्या घरी आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. कशासाठी आला होता ते आमच्या घरातल्या मांजरालाही कळलं असतं. आईने बसायला सांगितलं. दादा समोर बसला, पायावर पाय टाकून. पाणी झालं, चहा झाला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र चांगलं आहे असं दोनदा म्हणून झालं. शेवटी दादाने विचारलं, "मग, काय काम काढलंत?" मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर ते वाक्य आलेलं मी पाहिलं, खरोखर पाहिलं, आणि मग त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते, आपलं, खळ कशी करतात, ते विचारायचं होतं, यांची खळ फार चांगली असते." खळ! रविवारी सकाळी केस ओले करून माणूस खळीची कृती विचारायला आला होता. आठवड्याभरात त्याने स्वतः अर्ज करून बदली मागून घेतली. त्याचं कार्ड मीच केलं. दुसरं कोण करणार? सगळ्यांत चांगला तुकडा वापरला, मागणीपत्रकाचा न दुमडलेला कोपरा, आणि फुलाखाली एकच शब्द लिहिला. 'भित्रा.'

त्याला माहीत होतं फुलाखाली काहीतरी असणार. वाफेने सुटतं हेही माहीत होतं. म्हणजे तो शब्द मी लपवला नव्हता, पाठवला होता. वाचून तो चिडेल, भांडायला येईल, निदान मागच्या जिन्यावर येऊन म्हणेल की हे चूक आहे. मी एक आठवडा थांबले. मग एक महिना. तो आला नाही, आणि मला लख्ख कळलं, की या माणसाने फूल उचललंसुद्धा नाही. खाली काय आहे ते बघायचीही हिंमत झाली नाही त्याला. त्यावर मी उभी राहिले. चोवीस वर्षं त्यावर उभी आहे. नंतर दोन स्थळं आली, नाकी डोळी नीटस माणसं होती, दोघांनाही मी नाही म्हटलं आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, सगळे तसलेच. आई गेली, दादा आपल्या बायकामुलांना घेऊन वेगळा झाला, मी दीड खोलीत राहिले आणि माणसांना तुच्छ मानत राहिले. तुच्छतेचं एक बरं असतं, तिला जागा फार लागत नाही.

"मॅडम, जमेल ना?" पुतणी म्हणाली. "घाई नाही, पण ऊन फार चढायच्या आत निघालं की बरं. आणि हो, फुलाखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं आहे. मी वाचलं नाही हं. काकांना विचारलं तर म्हणाले, ऑफिसचं आहे."

मी पान सतरा उघडलं.

कार्ड चारी कोपऱ्यांनी खाचांत बसवलेलं होतं. शाईच्या गादीची जांभळी वेल विटून तपकिरी झाली होती. फुलाच्या जागी पाच पाकळ्यांचा पांढुरका डाग, आणि डागात गुठळ्या. वाळलेल्या मैद्याच्या, मोहरीएवढ्या. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं. माझ्या खळीत गुठळी नसते. कधीच नसते. म्हणजे फूल एकदा काढलेलं होतं आणि दुसऱ्या कुणीतरी, ज्याला कृती माहीत होती पण ढवळायचा कंटाळा होता, स्वतः खळ करून ते पुन्हा बसवलं होतं. गुठळ्यांच्या मध्ये माझा शब्द होता, जसाच्या तसा. 'भित्रा.' आणि त्याच्याखाली, कार्यालयात आलेल्या कागदावर जसा शेरा मारतात तसा, त्याच्या त्या सुवाच्य किरट्या अक्षरात:

'पाहिले, मान्य,'

खाली छोटी सही आणि तारीख. तारीख निरोपसमारंभाची होती. त्याच दिवसाची.

मला आधी हसू आलं. काय हा माणूस! बाईने भित्रा म्हटलं तर चिडायचं नाही, नाकारायचं नाही, धावत यायचं नाही. पाहिले, मान्य, सही, तारीख, आणि दाखल. वर पुन्हा फूल चिकटवून टाकलं, फायलीची फीत बांधावी तसं. मी ज्या शब्दावर चोवीस वर्षं उभी होते त्याच्यावर हा माणूस त्याच संध्याकाळी सही करून मोकळा झाला होता, आणि मला पत्ताच नाही. तो मला नाकारतो आहे अशा समजुतीने मी भांडत होते, आणि समोर भांडायला कुणी नव्हतंच. रिकाम्या पारड्यासमोर मी वजनं चढवत बसले होते. माझे कान तापले. अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि कुणी केला ते सांगता येईना. मग पुन्हा त्या शेऱ्याकडे पाहिलं आणि तेव्हा दिसलं, की 'मान्य'च्या पुढे पूर्णविराम नाही. स्वल्पविराम आहे. मसुद्यांचा एवढा पंडित, शेऱ्याच्या शेवटी स्वल्पविराम चुकून देणार नाही. त्याला पुढे काहीतरी म्हणायचं होतं, किंवा दुसऱ्या कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं. आणि तो स्वल्पविराम लिहून त्याने काय केलं? झाकून ठेवला. मी ज्याच्याखाली लिहिलं त्याच फुलाखाली.

आणि मग तो रविवार पुन्हा आठवला, पण या वेळी मी मागे फिरले नाही. नेहमी मी 'खळ कशी करतात' इथपर्यंत येते, त्याचा ओला भांग बघते, मनसोक्त थुंकते आणि परतते. त्यापुढे काय झालं ते मी चोवीस वर्षांत एकदाही आठवू दिलेलं नाही. पुढे असं झालं, की आई म्हणाली, "सांग की गं त्यांना, एवढं विचारतायत तर." तो माझ्याकडे बघत होता. दादा बघत होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की हे काही खळीसाठी आलेले नाहीत. पाच शब्द. चौकट सोडून दोन पावलं पुढे यायचं आणि पाच शब्द बोलायचे. आणि मी चौकटीला धरून, शाळेत कविता म्हणावी तशी, म्हटलं, "एक वाटी पाण्यात दोन चमचे मैदा. गार पाण्यातच कालवायचा. मंद आचेवर ढवळत राहायचं. तकाकी आली की उतरवायचं. मोरचूद चिमूटभर." वर हेही सांगितलं, की वाफेने सुटते. त्याने खिशातून कागद काढून सगळं लिहून घेतलं. दोघांनी मिळून केलं ते. एकाने विचारलं, एकीने सांगितलं. आणि तो गेल्यावर, आईने कौतुकाने विचारलं, किती सभ्य माणूस आहे नाही, तर मी म्हटलं, असेल. मग कात्री घेऊन बसले आणि त्याला एकट्याला भित्रा ठरवलं, तेही फुलाखाली, पेन्सिलीने, म्हणजे खोडता येईल असं.

शंभर-दीडशे कपाटांत माझं खरं मत पडलेलं आहे म्हणून मी जिने चढत होते. एकाच्याही तोंडावर मी ते कधी म्हटलेलं नाही. त्या साहेबांना 'रिकामं माप' म्हणायची वेळ आली तेव्हा मी त्यांना चहा नेऊन दिला होता. हे इतकं साधं आहे की शेंबड्या पोरालाही कळावं, आणि मला अठ्ठावन्नाव्या वर्षी, गोळ्यांच्या पाकिटातल्या फुलामुळे कळावं, याची मला शिसारी आली. इतरांची येते तशीच. तिच्यात मी काही कमी-जास्त केलं नाही.

खणातून पेन्सिल काढली. जागा थोडी होती, गुठळ्यांमधून वाट काढत लिहायला लागत होतं. कार्यालयात छापून गेलेल्या पत्रात चूक सापडली की मागाहून शुद्धिपत्र काढतात. त्याचा नमुना मला पाठ आहे, त्यानेच शिकवलाय. त्याच्या स्वल्पविरामापुढे मी लिहिलं: 'भित्रा ऐवजी भित्री वाचावे'. आता करू दे त्याला काय अर्थ करायचा तो. ती भित्री म्हणजे एक बाई भित्री, आणि ती दोघं भित्री असतील तरी भाषा तेच म्हणते, भित्री. कोण ती, असं समासात विचारायची त्याला मोठी हौस होती. पुढे पूर्णविराम दिला नाही. जागा नव्हती असं समजा.

मग वाटी काढली. खळ घट्ट होती, तकतकीत, एकही गुठळी नसलेली. तिच्यात मी ग्लासातलं पाणी ओतलं, ती कांजीसारखी पातळ होईपर्यंत ढवळली, आणि फुलाच्या फक्त मधल्या टिकलीमागे बोटाच्या टोकाने एक ठिपका लावून फूल ठेवलं. दाबलं नाही. वर वजन ठेवलं नाही. पुतणी हे सगळं मान वाकडी करून बघत होती.

"टिकेल ना मावशी आता?" ती म्हणाली. मॅडमची मावशी कधी झाले, ते कळलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "टिकणार नाही. वही नेऊन त्यांच्या मांडीवर दे. गाडी हलली की निघेल. निघालं की त्यांनाच सांग बघायला. तू बघू नकोस."

"ऑफिसचं?"

"ऑफिसचं."

ती वही छातीशी धरून गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत राहिल्या. रांगेतल्या दुकानदाराने आपला तराजू माझ्या टेबलावर ठेवला आणि मी त्याला शेजारच्या टेबलावर जायला सांगितलं. मग खिडकीशी गेले. खाली, फाटकाच्या डाव्या अंगाला, एक जुनी पांढरी गाडी उभी होती. टपावर बांधलेली एक ट्रंक, एक कुबडी. पुतणी दार उघडून आत वाकली, वही देऊन झाली, वळसा घालून स्टिअरिंगपाशी बसली. गाडी सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत आला. ती हलली नाही. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. मागची काच खाली आली आणि तिच्यातून एक हात बाहेर आला, नुसता दारावर टेकलेला, म्हाताऱ्याचा. हाताने काही खूण केली नाही. तो वर बघेल असं वाटलं, पण वर बघायलाही लागतं ते त्याच्याकडे कधीच नव्हतं, आणि खिडकी उघडून हाक मारायला लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

टेबलाखाली पाय घालून मी चपला शोधल्या. शाखाप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं, "काय बाई, कुठे? रांग केवढी आहे!" मी म्हटलं, "तुमचा चहा तुम्ही आणा आज." त्यांचं तोंड उघडंच राहिलं, ते तसं बरं दिसत नाही, हेही त्यांना सांगायला हवं होतं, पण घाईत होते. लिफ्ट बंद होती. तीन मजले. पहिल्याच वळणावर गुडघा दुखू लागला आणि मला स्पष्ट दिसलं काय होणार ते. मी खाली जाईन, काचेशी उभी राहीन, तो माझ्याकडे बघेल, ओठांपर्यंत आणेल, घड्याळ बघेल, आणि विचारेल, खळ इतकी पातळ कशी झाली. खुशाल विचारू दे. या वेळी कृती सांगायची नाही, एवढं ठरवून मी कठडा धरला आणि उतरत राहिले.